चौकात उभा असलेला शिपाई

युद्धाचे नाव काढले की आपल्या डोळ्यांसमोर रणगाडे येतात, विमाने येतात, खंदकातून धावत सुटलेले जवान येतात. चित्रपटांनी आणि पाठ्यपुस्तकांनी आपल्याला बहुतेक तेवढेच दाखवले आहे. पण त्याच युद्धात एक शिपाई असाही असतो, ज्याचा सगळा वेळ शत्रूशी लढण्यात जात नाही. तो एखाद्या फाट्यावर उभा असतो. दंडावर पट्टी, तोंडात शिट्टी, कमरेला पिस्तूल. त्याचे काम आपल्याच माणसांना अडवण्याचे. गाडी कुठे चालली? परवाना आहे का? वेग इतका का? हा कैदी कुणाच्या ताब्यात आहे? त्याला लष्करी पोलीस म्हणतात.

हा शिपाई फारसा कुणाला आवडत नाही. आघाडीवरून आलेला थकलेला जवान म्हणतो, मी मरणाच्या दारातून परत आलो आणि हा मला हेल्मेट कुठे आहे म्हणून विचारतो! अधिकाऱ्यालाही वाटते, मला अडवणारा हा कोण? तरीही हजारो तरुणांच्या हाती बंदुका असतात, घरदार दूर असते, राग आणि भीती दोन्ही अंगात असतात, तेव्हा कायदा नावाची गोष्ट शिल्लक राहते की नाही, हे बऱ्याच अंशी याच शिपायावर ठरते.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षात, म्हणजे १९४४-४५ मध्ये, फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीत अमेरिकी लष्करी पोलिसांनी जे काम केले, त्याच्या नोंदी पुष्कळ आहेत. त्यात कौतुकाच्या गोष्टी आहेत, तशाच मान खाली घालायला लावणाऱ्याही आहेत. दोन्ही पाहिल्याशिवाय या कामाची किंमत कळत नाही.

सत्तर माणसे, चौदा हजारांचा कारभार

अमेरिकेच्या लष्करात पोलिसांचे कायमचे स्वतंत्र दल २६ सप्टेंबर १९४१ रोजी उभे राहिले. सुरुवातीला त्यात जेमतेम दोन हजार माणसे होती. युद्ध संपता संपता ही संख्या दोन लाखांच्या वर गेली. पायदळाच्या एका डिव्हिजनमध्ये सुमारे १४ हजार सैनिक असत आणि त्यांच्यासाठी लष्करी पोलिसांची तुकडी असे साधारण सत्तर माणसांची. काही जण वाहतूक सांभाळत, तर काही जण गस्त, पहारा आणि कैदी.

डिव्हिजन पुढे सरकणार असली की हे पथक सगळ्यांच्या आधी निघे. जीप आणि मोटारसायकली घेऊन रस्ता पाहायचा, कोणता पूल किती वजन पेलेल ते इंजिनीअरांकडून समजून घ्यायचे, प्रत्येक फाट्यावर पाट्या ठोकायच्या आणि तिथे एकेक माणूस उभा करायचा. मग रणगाडे, तोफा, ट्रक, रुग्णवाहिका यांची रांग सुरू होई. रांग कधी तासन्तास चाले, कधी रात्रभर. शेवटची गाडी गेली की पाट्या उपटायच्या, जीपमध्ये टाकायच्या आणि पुढच्या मुक्कामाला जायचे.

ऐकायला सोपे वाटते. पण शत्रूच्या तोफखान्याकडे नकाशे असतात आणि नकाशावर सर्वांत ठळक दिसतो तो चौक. त्यामुळे तोफगोळे पडत ते बहुधा चौकांवर आणि पुलांवर. इतर जण चौक ओलांडून निघून जात. लष्करी पोलिसाला मात्र तिथेच उभे राहावे लागे. उन्हाळ्यात धुळीने डोळे सुजायचे, पावसाळी दिवसांत चिखल गुडघ्यापर्यंत यायचा, डिसेंबरात बर्फात पाय बधिर व्हायचे. जेवण म्हणजे डब्यातले, बहुधा थंडच. पाळी संपली तरी बदलीचा माणूस वेळेवर पोचेल याची खात्री नसे.

६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांचे सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले, तेव्हा लष्करी पोलीस पहिल्याच दिवशी किनाऱ्यावर होते. गोळीबार सुरू असताना वाळूत उभे राहून, सुरुंग काढून मोकळ्या केलेल्या चिंचोळ्या वाटांकडे गाड्या वळवणे हे त्यांचे काम होते. एक ट्रक चुकीच्या जागी वळला तर सुरुंगावर जायचा, आणि त्याच्यामागची सगळी रांग किनाऱ्यावर अडकून तोफांचे आयते लक्ष्य व्हायची.

लाल गोळ्याचा रस्ता

ऑगस्ट १९४४ मध्ये सैन्य फ्रान्समध्ये इतक्या वेगाने पुढे गेले की पेट्रोल आणि दारूगोळा मागे पडला. फ्रान्सची रेल्वे बॉम्बहल्ल्यांत मोडली होती. मग २५ ऑगस्टपासून ट्रकची एक अखंड साखळी सुरू झाली. अमेरिकी रेल्वेत तातडीच्या मालाला ‘रेड बॉल’ म्हणत. तेच नाव या साखळीला मिळाले आणि रस्त्याकडेच्या पाट्यांवर लाल गोळे रंगवले गेले. सुरुवातीला हा मार्ग सेंट लो ते शार्त्र असा होता. भरलेले ट्रक एका रस्त्याने जायचे, रिकामे दुसऱ्या रस्त्याने परत यायचे. दोन्ही रस्ते एकेरी. त्यावर दुसरी कुठलीही गाडी येऊ द्यायची नाही.

२९ ऑगस्ट हा या साखळीचा सर्वांत मोठा दिवस ठरला. त्या दिवशी ५ हजार ९५८ गाड्यांनी १२ हजार ३४२ टन माल पोचवला. चालकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय सैनिक होते. छत्तीस-छत्तीस तास न झोपता गाडी हाकणारे.

या रस्त्यावर शिस्त ठेवणे लष्करी पोलिसांकडे होते. नियम साधे होते. वेग ताशी २५ मैल, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर. दोन गाड्यांत ६० यार्डांचे अंतर. गाड्या ताफ्यानेच जातील, एकट्यादुकट्याने नाही. प्रत्यक्षात चालकांनी इंजिनाच्या वेगाला घातलेले कुलूप काढून टाकलेले असे, कारण पुढचे सैन्य पेट्रोलसाठी ताटकळत होते. झोपेने डोळे मिटत आणि ट्रक खड्ड्यात जात. पोलीस ठिकठिकाणी वेळेची नोंद ठेवत, बंद पडलेली गाडी बाजूला काढायला लावत, वाट चुकलेल्याला परत वळवत. १६ नोव्हेंबर १९४४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ बारा आठवडे, हा रस्ता असा चालला.

शाळा सुटताना फाटकापाशी पाळीवर उभ्या असलेल्या शिक्षकाला हे काम लगेच समजेल. मुले सुखरूप घरी गेली, रिक्षा कुणाच्या अंगावर आली नाही, यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही. काही घडले नाही हेच त्या पाळीचे फळ.

सेनापतीलाही सवाल

१६ डिसेंबर १९४४ रोजी जर्मनांनी बेल्जियमच्या आर्देन जंगलातून अचानक हल्ला केला. त्यांनी काही सैनिकांना अमेरिकी गणवेश घालून, अमेरिकी जीपमध्ये बसवून आघाडीमागे धाडले होते. हे लोक पाट्या फिरवत, खोट्या बातम्या पेरत. त्यांची संख्या अगदी थोडी होती, पण अफवेने ती शेकडो पटींनी वाढवली. समोर उभा असलेला अमेरिकी मेजर खरा की खोटा, हेच कळेनासे झाले.

मग लष्करी पोलिसांनी प्रत्येक चौकात गाड्या अडवायला सुरुवात केली. परवलीचा शब्द चोरता येतो, कागद खोटे करता येतात. म्हणून अमेरिकेत वाढलेल्या माणसालाच येतील असे प्रश्न विचारले जाऊ लागले. लाखो सैनिकांचे सेनापती ओमर ब्रॅडली यांनाही तीनदा थांबवले गेले. एका शिपायाने त्यांना इलिनॉय राज्याची राजधानी विचारली. ब्रॅडलींनी स्प्रिंगफिल्ड असे बरोबर उत्तर दिले, पण विचारणाऱ्याच्या मते ती शिकागो होती! दुसऱ्याने फुटबॉलमधला प्रश्न विचारला. तिसऱ्याने एका नटीच्या त्या वेळच्या नवऱ्याचे नाव विचारले. ते त्यांना आले नाही, तरी त्याने जाऊ दिले. ब्रॅडलींनी हा किस्सा पुढे आपल्या आठवणींत स्वतःच लिहून ठेवला. ब्रिगेडियर जनरल ब्रूस क्लार्क यांचे नशीब एवढे चांगले नव्हते. शिकागोचा बेसबॉल संघ कोणत्या गटात खेळतो, हे त्यांनी चुकीचे सांगितले आणि भर लढाईत त्यांना काही वेळ अटकेत काढावा लागला.

आज आपल्याला हसू येते. पण विचार करा, एक साधा शिपाई थेट जनरलला अडवतो आणि जनरल उत्तर देतो. शिपायाचा हा हक्क मान्य केला नसता, तर जर्मन माणसाने जनरलचा कोट चढवला असता आणि सरळ निघून गेला असता. एवाई या गावी १७ डिसेंबरला तीन जण जीपमधून आले, त्यांना परवलीचा शब्द सांगता आला नाही आणि ते पकडले गेले. ते वेषांतर केलेले जर्मन निघाले. लष्करी न्यायालयाने त्यांना मृत्युदंड दिला आणि २३ डिसेंबरला तो अमलात आला. दुसरीकडे, याच घबराटीत पहारेकऱ्यांच्या गोळ्यांनी अमेरिकी सैनिकच मारले गेल्याच्याही घटना घडल्या. संशय घ्यावा लागतो, पण संशयाला लगाम नसला की तो आपल्याच माणसाचा जीव घेतो.

त्याच १७ डिसेंबरला मालमेदीजवळच्या बोन्ये फाट्यावर एक लष्करी पोलीस वाहतूक वळवत उभा होता. जर्मन रणगाडे तिथे येऊन धडकले. शरण आलेल्या अमेरिकी सैनिकांबरोबर त्यालाही शेतात उभे केले गेले आणि सगळ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ८४ जण मारले गेले. तो पोलीस जखमी होऊन वाचला आणि पुढे साक्षीला उभा राहिला.

कैदी म्हणजे अमानत

या हत्याकांडाची बातमी पसरली, तेव्हा पकडलेल्या जर्मनांना जिवंत ठेवायचे कशाला, असे अनेक अमेरिकी सैनिकांना वाटू लागले. काही ठिकाणी तसे घडलेही. ज्याचा मित्र काल मारला गेला, त्याच्या हाती आज शत्रू सापडला तर त्याचा हात थरथरणारच. म्हणूनच कैद्याला पकडणाऱ्याच्या हाती राहू द्यायचे नाही, अशी पद्धत असते. तिथून पुढे कैदी लष्करी पोलिसांचा.

१९२९ च्या जिनिव्हा करारातले एक तत्त्व इथे फार मोलाचे आहे. युद्धकैदी हा त्याला पकडणाऱ्या सैनिकाचा किंवा तुकडीचा नसतो, तो त्या देशाच्या सरकारच्या ताब्यात असतो. आपल्या बोलीत सांगायचे तर तो अमानत असतो. त्याला मारहाण, अपमान आणि बघ्यांची गर्दी यांपासून जपायचे. त्याची हत्यारे घ्यायची, पण खासगी वस्तू घ्यायच्या नाहीत. पैसे काढून घ्यायचे तर अधिकाऱ्याच्या हुकमानेच, मोजून, नोंद करून, पावती देऊन. पायी न्यायचे तर दिवसाला साधारण २० किलोमीटरपेक्षा जास्त चालवायचे नाही. लढाईच्या धोक्यात त्याला विनाकारण ठेवायचे नाही.

हे सगळे कागदावर. प्रत्यक्षात चौकातला शिपाई काय करी? झडती घेई, अधिकारी आणि साधे सैनिक वेगळे करी, चिठ्ठी अडकवी, मोजणी करी आणि पुढच्या छावणीकडे पाठवी. तिथे पुन्हा मोजणी. पाठवले चाळीस आणि पोचले अडतीस, तर दोघांचे काय झाले याचा जाब द्यावा लागे. हिशेबाची ही किचकट सवयच कितीतरी कैद्यांच्या जिवाची ढाल ठरली.

ही ढाल मोडली की काय होते, तेही त्याच सैन्याने दाखवले. १९४५ च्या वसंतात लाखो जर्मन एकदम शरण आले. ऱ्हाइन नदीकाठी उघड्या शेतांना काटेरी तारा लावून छावण्या केल्या गेल्या. अनेक ठिकाणी छप्पर नव्हते. माणसे जमिनीत खड्डे खणून पावसात झोपली. त्यातल्या बऱ्याच जणांना ‘युद्धकैदी’ न म्हणता ‘निःशस्त्र केलेले शत्रुसैन्य’ असे नाव दिले गेले, म्हणजे करारातल्या सवलती देणे बंधनकारक राहू नये. या छावण्यांत मेलेल्यांचा कमीत कमी अंदाज ३ हजारांचा आहे, काही अभ्यासक तो १० हजारांपर्यंत नेतात. अन्नाची टंचाई खरी होती, संख्या आवाक्याबाहेर गेली होती, हेही खरे. पण माणसाचे नाव बदलून त्याचा हक्क काढून घेता येतो, हा धडा त्यातून उरतोच.

पोलीसच अन्याय करू लागला तर?

लष्करी पोलिसाला आपल्याच सैनिकांवर अधिकार असतो. म्हणून त्याच्या मनात भेदभाव असला तर त्याचा मार सर्वांत आधी दुबळ्यावर पडतो.

अमेरिकी सैन्यात त्या काळी गोरे आणि काळे यांच्या पलटणी वेगळ्या होत्या. इंग्लंडमधल्या बॅम्बर ब्रिज या गावी कृष्णवर्णीय ट्रकचालकांची एक पलटण होती. गावकरी त्यांच्याशी मिळूनमिसळून वागत. गावातले पब फक्त गोऱ्यांसाठी ठेवा असे दडपण आले, तेव्हा पबवाल्यांनी ‘फक्त कृष्णवर्णीय सैनिकांसाठी’ अशा पाट्या लावून त्याला उत्तर दिले! २४ जून १९४३ च्या रात्री गणवेश नीट नाही, परवाना नाही, अशा कारणावरून गोरे लष्करी पोलीस एका पबमध्ये कृष्णवर्णीय सैनिकाला पकडायला गेले. बाचाबाची झाली, पुढे रस्त्यावर गोळी चालली आणि विल्यम क्रॉसलँड हा कृष्णवर्णीय सैनिक पाठीत गोळी लागून मेला. छावणीत अफवा पसरली, सैनिकांनी बंदुका घेतल्या आणि पहाटेपर्यंत गोळीबार चालला. ३२ कृष्णवर्णीय सैनिकांना बंडासारख्या आरोपांखाली शिक्षा झाल्या. पुढे त्या कमी करण्यात आल्या. सेनापती आयरा ईकर यांनी दोषाचा मोठा वाटा गोरे अधिकारी आणि लष्करी पोलीस यांच्यावर ठेवला, नालायक अधिकारी हटवले आणि गस्तीच्या पथकांत गोरे व काळे एकत्र ठेवायला सुरुवात केली.

परवाना तपासणे चूक नव्हते. पण परवाना कुणाचा तपासायचा हे कातडीच्या रंगावरून ठरू लागले की नियम हे केवळ निमित्त उरते. पोलीस असलेल्या प्रत्येक समाजाने हे ध्यानात ठेवावे असे आहे.

दुसरा प्रसंग लिचफिल्डचा. इंग्लंडमधल्या या ठिकाणी अमेरिकी सैनिकांसाठी लष्करी कोठडी होती. आघाडीवरून परतलेल्या, जखमी झालेल्या सैनिकांनाही तिथे किरकोळ गुन्ह्यांसाठी बेदम मारले जाई. युद्धानंतर खटले चालले. पहारेकऱ्यांना तुरुंगवास झाला. प्रमुख असलेल्या कर्नल जेम्स किलियन यांना १९४६ मध्ये दोषी ठरवून ५०० डॉलर दंड आणि ताकीद देण्यात आली. खालच्याला तुरुंग आणि वरच्याला दंड, हा इन्साफ अपुरा होता, असे तेव्हाच अनेकांनी म्हटले. तरी आपल्याच सैन्याने आपल्याच कोठडीची चौकशी केली आणि ती जगासमोर चालवली, हेही लक्षात घ्यायला हवे.

चोरी हाही त्यांच्या रोजच्या कामाचा भाग. पॅरिस मुक्त झाल्यावर तिथे पेट्रोल आणि सिगारेट सोन्याच्या मोलाने विकले जात होते. २० लिटरचे पेट्रोलचे डबे ट्रकमधून उतरत ते आघाडीवर न पोचता काळ्या बाजारात जात. सैन्यातून पळालेल्यांच्या टोळ्याच यात होत्या. मागे चोरीला गेलेला एक डबा म्हणजे पुढे उभा राहिलेला एक रणगाडा. म्हणून पॅरिसच्या वाटांवर लष्करी पोलीस ट्रक उघडून तपासत.

रस्त्यावरची बायकामुले

युद्धाच्या रस्त्यावर सैन्याशिवाय आणखी एक रांग असते. डोक्यावर गाठोडी, हातगाडीवर म्हातारी माणसे, कडेवर लेकरे. आर्देनच्या लढाईत बेल्जियमची गावे अशीच बाहेर पडली. एका बाजूने रणगाडे येत आहेत आणि त्याच अरुंद रस्त्यावर ही माणसे आहेत. रणगाडा थांबवता येत नाही आणि माणसांना चिरडू द्यायचे नाही. त्यांना शेतातल्या वाटेकडे वळवणे, चुकलेल्या मुलाला थांबवून ठेवणे, हे काम चौकातल्या शिपायाचेच. याच गर्दीत हेर असू शकतो म्हणून तपासणीही करायची. पण त्या पथकांत सगळे पुरुष होते. परक्या सैनिकाने घराबाहेर पडलेल्या भेदरलेल्या बाईचे गाठोडे उघडायचे, तिची झडती घ्यायची, हा प्रसंग तिच्यासाठी काय असेल, हे आपल्या घरातल्या बायकांना सांगावे लागणार नाही.

आपल्या भारतीय सैन्यातही लष्करी पोलिसांचे दल आहे. लाल टोपीवरून ते ओळखू येते आणि ‘सेवा तथा सहायता’ हे त्याचे ब्रीद आहे. या दलात शिपाई म्हणून स्त्रियांची भरती सुरू झाली आणि मे २०२१ मध्ये बंगळुरूच्या प्रशिक्षण केंद्रातून ८३ तरुणींची पहिली तुकडी बाहेर पडली. सीमेवरची गावे हलवताना बायकामुलांना सांभाळणे, स्त्रियांची झडती, स्त्रियांवरील गुन्ह्यांचा तपास अशी कामे डोळ्यांसमोर ठेवून ही भरती झाली. युरोपातल्या त्या रस्त्यांवर जे उणे होते, ते इथे ओळखले गेले आहे. सैन्यात जायची इच्छा असलेल्या आपल्या मुलींना ही वाट माहीत असायला हवी.

युद्धाची पदके बहुतेक वेळा पूल जिंकणाऱ्याला आणि रणगाडा उडवणाऱ्याला मिळतात, आणि ती मिळावीतही. पण त्या पुलावरून रात्रभर गाड्या शिस्तीत गेल्या, चाळीस कैदी निघाले आणि चाळीसच पोचले, जनरलने शिपायाला उत्तर दिले, एका चुकलेल्या पोराला त्याची आई परत मिळाली, यांचा हिशेब कुठल्याही स्मारकावर नसतो. बॅम्बर ब्रिजला मात्र आता क्रॉसलँडच्या आणि त्या रात्रीच्या आठवणीसाठी पबसमोर एक लहानशी बाग केली आहे. २०२२ मध्ये ती खुली झाली. जिथे लष्करी पोलीस चुकला, ती जागा लोकांनी जपली आहे. जिथे तो बरोबर वागला, ते चौक आजही साधे चौकच आहेत आणि त्यावरून गाड्या येत-जात आहेत.